अठ्ठावन्न

"वजन?" औषधांच्या दुकानातल्या ओरेस्ट पाव्हलिकने विचारलं, आणि लोर्ना थीसनने कुणीतरी वय विचारल्यासारखा चेहरा केला. मागे रांगेत तिघं होती. तिघांच्या बुटांवरचा बर्फ वितळून फरशीवर काळी तळी झाली होती, आणि परक्याच्या वजनात माणसाला असतो तेवढा रस तिघांनाही होता. "नवा संगणक आहे, बाई," ओरेस्ट म्हणाला, "वजन टाकल्याशिवाय पुढेच सरकत नाही. मला काही चौकशी करायची हौस नाही." "एकशे अठ्ठावीस," ती म्हणाली आणि रुमालात खोकली. ओरेस्टची बोटं कळांवर थबकली. "पौंड? तुम्ही, बाई? अहो, मला पाचवीत किलो शिकवला कुणी? एकक लिहिलं नाही म्हणून अर्धा अर्धा गुण कापून माझी प्रगतिपुस्तकं रक्तबंबाळ केली कुणी?" मागची हिरव्या टोपीवाली म्हातारी खुदकन हसली. ओरेस्टने कळा दाबल्या. "घ्या. अठ्ठावन्न. अठ्ठावन्न किलोंच्या आहात तुम्ही. इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नाही?" लोर्नाही हसली. आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं की हा आकडा आपण परवाच लिहिलाय. निळ्या शाईने, एका फॉर्मवर. आणि तो आपला नव्हता.

मारिसेल दुमलाओ. वय दहा. वजन अठ्ठावन्न. लोर्नाने काउंटरची कड धरली. मारिसेल म्हणजे तिच्या वर्गातली सगळ्यांत लहान चणीची मुलगी, पुढच्या बाकावर बसूनही पाय जमिनीला न टेकणारी. ती पोर आणि आपण, पंचेचाळीस वर्षांची, दोन बाळंतपणं झालेली बाई, एका भाराच्या? वर्गातला सगळ्यांत दांडगा मुलगा एकोणपन्नास भरला होता. "बाई, पत्ता तोच ना?" ओरेस्ट विचारत होता. "तोच," ती म्हणाली. डोक्यात भागाकार सुरू झाला होता, तिने न सांगता, ज्या भागाकाराचे तिने बावीस वर्षांत हजारो कागद तपासले होते. अठ्ठावन्न पौंड म्हणजे सव्वीस किलो. मुलांच्या शिबिराच्या त्या फॉर्मवर चौकटीच्या डोक्यावर छापलेलं होतं: किलो. शिबिरवाल्यांनी बारीक अक्षरांत छापलं होतं, आणि त्याच्याखाली तिचे दोन ठळक आकडे.

परवा, मंगळवारी, शाळा सुटताना मारिसेलची आई एर्लिंदा फाटकाशी आली होती. शिवणकारखान्यातून तशीच, बाहीला दोरे चिकटलेले. दोन्ही हातांनी फॉर्म पुढे धरून म्हणाली, "मॅम, एवढं एकच राहिलं. वजन. किलोत मागतात ना? आमच्या घरी काटा नाही, मॅम. मी उद्या दवाखान्यात जाऊन—" लोर्नाने कागद तिच्या हातातून घेतला. "राहू द्या हो. मी भरते." किती सहज म्हणाली होती ती! दुसऱ्याची रिकामी चौकट दिसली की लोर्नाच्या हाताला खाज सुटायची, हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं आणि काहींना सोयीचंही होतं. वर्गाने वजनं केली त्या दिवशी मारिसेल गैरहजर होती. म्हणून लोर्नाने तिला थांबवून घेतलं, घरून आणलेला न्हाणीघरातला काटा कपाटातून काढला, पोरीला बूट काढायला लावून वर उभं केलं. काट्याच्या तबकडीवर बाहेर मोठे काळे आकडे पौंडांचे, आत बारीक लाल किलोंचे. वर्गाला तिने दहादा बजावलं होतं: लाल वाचायचं, काळ्याकडे बघायचं नाही, काळे आजोबांचे. मग स्वतः चष्म्याशिवाय वाकली. आणि डोळे आजोबांच्या घरी गेले. अठ्ठावन्न. तिला तो आकडा जरासुद्धा खटकला नाही, कारण पौंडात तो बरोबर होता. दहा वर्षांच्या बारक्या पोरीचा अगदी शोभेसा आकडा. तिच्या मनाने तो तपासला, पसंत केला आणि चुकीच्या चौकटीत नेऊन ठेवला. खाली आईची सही आधीपासूनच होती.

मुलं आज सकाळी आठला गेली होती. सरोवराकाठचं शिबिर, उत्तरेला दीड तास. बर्फात तीन दिवस. खोकल्यामुळे लोर्नाच्या जागी शेजारच्या वर्गाचा मास्तर गेला होता. आता सव्वाअकरा. मारिसेलला अपस्माराचे झटके येत. वर्षातून एकदोनदा, पण आले की लवकर थांबत नसत, आणि दमणूक, थंडी, जागरण यांनी येत असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. दमणूक, थंडी आणि जागरण यांचंच मिळून शिबिर होतं. डॉक्टरांचं पत्र फॉर्मला टाचलेलं होतं: झटका पाच मिनिटांवर गेला तर औषध, वजनाच्या दर किलोमागे इतकं. वर्षाच्या सुरुवातीला ते शाळेत येऊन बोलले तेव्हा लोर्नाने वहीत लिहून घेतलं होतं, नेहमीप्रमाणे एककासकट. जास्त झालं तर काय, असं तिनेच विचारलं होतं. "श्वास मंदावतो," डॉक्टर म्हणाले होते. "फारच जास्त झालं तर आपल्याला तिच्यासाठी श्वास घ्यावा लागतो." आणि कप उचलून कॉफी प्याले होते.

"ओरेस्ट, मला फोन दे," ती म्हणाली. तिचा आवाज वर्गातला निघाला, आणि तिशी ओलांडलेला तो माणूस पाचवीतल्यासारखा हलला. काउंटरवरचा फोन त्याने वळवून तिच्यापुढे सरकवला. पर्समधून शिबिराचा कागद निघाला, त्यावर एकच नंबर. लागत नव्हता. टूँ, टूँ, टूँ. ठेवला, पुन्हा फिरवला. टूँ, टूँ. "काय झालं?" ओरेस्टने हळूच विचारलं. "एका फॉर्मवर चूक आहे," ती म्हणाली. "चूक आहे" म्हणाली. कुणी केली ते वाक्यात बसलं नाही.

टूँ, टूँ. ती आवाज मोजू लागली. सेकंदाला किती ते मोजू लागली, आणि आपण मोजतोय याचाच तिला राग आला. वाटेल तिथे मोजायची ही खोड वडिलांची. दक्षिणेला तासाभरावरच्या गावात ते धान्यकोठाराचे कारभारी होते. गहू भरलेले ट्रक लाकडी फळीच्या काट्यावर चढायचे, रिकामे होऊन पुन्हा चढायचे, आणि दोन आकड्यांची वजाबाकी शेतकऱ्याच्या हाती पडायची. पाच वर्षांची असताना तिने हट्ट धरला, माझंही वजन कर. पपांनी तिला ट्रकच्या टपावर बसवलं, काटा वाचला, खाली उतरवलं, पुन्हा वाचला. "काहीच फरक नाही," ते गंभीरपणे म्हणाले. "तू नाहीसच." शेतकरी हसले. ती गव्हाच्या धुळीत उभी राहून रडली होती. नाकात ती कोरडी, गोडसर धूळ अजून आहे. आणि मग तिच्या मास्तरकीच्या दुसऱ्या वर्षी सरकारने ठरवलं की देशाने आता मीटर, लिटर, किलोत बोलायचं, आणि शिक्षण मंडळाने सगळ्यांत तरुण, सगळ्यांत बोलकी शिक्षिका हेरून तिच्या हाती एक लाकडी पेटी दिली. पेटीत मीटरची पट्टी, लिटरचं भांडं, लोखंडाचा एक किलो. ती पेटी घेऊन लोर्ना गावोगाव हिंडली. संध्याकाळच्या वर्गांना शेतकरी यायचे ते शिकायला कमी आणि करमणुकीला जास्त. "बाई, माझी बायको लग्नात पाच फूट दोन होती. आता किती झाली?" "एकशे सत्तावन्न सेंटिमीटर." "अरे देवा! मी नव्हतं सांगितलं, ती वाढत चाललीय म्हणून?" ती हसायची, आणि पट्टी उगारून दाखवायची. तिचा विश्वास होता. एक माप, सगळ्यांचं, राजाच्या पायाचं नाही की कुणाच्या धान्याच्या टोपलीचं नाही. ज्याला एकक ठाऊक त्याला कुणी फसवू शकणार नाही, हे ती मनापासून बोलायची. घरी आली की मात्र ओव्हन साडेतीनशेवर लावायची, आणि ते साडेतीनशे नव्या अंशांतले की जुन्या फॅरनहाइटमधले हे तिला कुणी विचारलं नाही. लेक झाली तेव्हा दवाखान्याने ग्रॅम लिहिले, आणि तिने आईला फोनवर सांगितले ते पौंड नि औंस. सगळेच असं करायचे. हवा एका मापात, अंग दुसऱ्या मापात, अंतर तासांत. पपा कोठारावर दोन्ही रकाने भरायचे आणि म्हणायचे, "तू ये शिकवून. मी इकडे त्यांना समजावून सांगतो."

पाचव्या वेळेला घंटी वाजली. वाजत राहिली. बारा, तेरा. मग एका म्हाताऱ्याचा आवाज आला, मागे भांडी आदळत होती. "स्वयंपाकघर." "मला नर्सशी बोलायचंय. ताबडतोब." "नर्स बाहेर बर्फावर आहे पोरांबरोबर. निरोप ठेवा, जेवायला आली की देतो." "नाही, आत्ता. कुणाला पाठवा." "बाई, माझ्याकडे चाळीस पोरांचं सूप उकळतंय. पाठवू कुणाला, चमच्याला?" "मग सूप उतरवा!" लोर्ना ओरडली. "मरणाबिरणाचं आहे का काही?" म्हाताऱ्याने वेगळ्याच आवाजात विचारलं. ती "हो" म्हणाली. पलीकडे रिसीव्हर लाकडावर ठेवल्याचा आवाज झाला, दार उघडल्याचा, आणि मग काहीच नाही. लांबून मुलांचा गलका येत होता. त्या गलक्यात ती एक आवाज शोधू लागली. मुलं ओरडताहेत म्हणजे सगळं ठीक. की मुलं ओरडताहेत म्हणजे कुणीतरी पडलंय? पाच मिनिटं. झटका पाच मिनिटं बघायचा आणि मग सुई. नर्सच्या हातात फॉर्म, फॉर्मवर ठळक निळे आकडे. बाईंचं अक्षर फार सुवाच्य, असं सगळे पालक म्हणायचे. हिरव्या टोपीवालीने तिच्या पाठीवर हात ठेवला, मग तिला आवडलं नसेल असं वाटून काढून घेतला.

"नर्स सिग्नी बोलतेय." धापा टाकत. "कोण, शाळा का? काय झालं?" "मारिसेल दुमलाओ," लोर्ना म्हणाली, "कशी आहे ती?" "कुठली ती? अहो, या थंडीत सगळी पोरं पिंपासारखीच दिसतात. थांबा, झटक्यांवाली ना? बरी आहे. आत्ता माझ्यासमोर घसरगुंडीवरून आली." लोर्नाने डोळे मिटले. "तिचं वजन चुकीचं लिहिलंय. अठ्ठावन्न पौंड आहे ते. किलो नाही. सव्वीस किलो." पलीकडे पिशवीतले कागद चाळल्याचा आवाज. मग सिग्नीने एक शिवी घातली, तिच्या आजोळच्या भाषेतली असावी. "सुई भरून ठेवलीय मी. सकाळी आल्या आल्या. अठ्ठावन्नाच्या हिशोबाने." कागद पुन्हा खडखडला. "ओतून टाकते. नवीन भरते. बापरे." आणि मग भीती ओसरली की माणसाला राग येतो तसा तिला आला. "ही आई! सही ठोकून मोकळी झालीय बघा. यांना किलो कळत नाही तर विचारायचं ना कुणाला. मी हे लिहून पाठवणार आहे, सांगून ठेवते. पुढच्या वेळी या पोरीला डॉक्टरांच्या सहीशिवाय मी पाऊल ठेवू देणार नाही. असल्या आईच्या भरवशावर कोण जबाबदारी घेणार? तुम्हीच सांगा." "हं," लोर्ना म्हणाली.

"सुटलात," ओरेस्ट म्हणाला. औषधाची पुडी त्याने नेहमीपेक्षा नीट बांधून दिली. सिग्नीचा चढा आवाज रिसीव्हरबाहेर रांगेपर्यंत पोचला होता; हिरव्या टोपीवाली मागच्या माणसाला सांगत होती, "मुलीच्या आईने काहीतरी भलतंच लिहून दिलं. देशात नवी आलेली माणसं ना, त्यांना कुठलं कळायला." माणूस मान हलवत होता. दुकानभर निर्णय होऊन गेला होता आणि कुणाला त्यात काही कमी वाटलं नव्हतं.

बाहेर उणे एकतीस. नाकातले केस गोठले. ती बसथांब्याच्या काचेच्या खोक्यात जाऊन उभी राहिली. बस दोन आल्या आणि गेल्या. हं. एक अक्षर, त्यावर टिंब. त्याचा अर्थ काहीही होऊ शकतो. ऐकतेय असाही होतो, खोकला आलाय असाही होतो. तिने स्वतःच्या बाजूने मांडून पाहिलं: पोर सुरक्षित आहे. तेच तर महत्त्वाचं होतं. ते तिनेच केलं, दुसऱ्या कुणाला सुचलंही नसतं. आईला एक चिठ्ठी येईल, दोन ओळींची. आई वाचेल, मान खाली घालेल, दुसऱ्या दिवशी कामावर जाईल. आणि दुसऱ्या बाजूला काय? बावीस वर्षं. पेटी. मंडळाने दिलेलं प्रशस्तिपत्र. वर्गासमोर, मास्तरांच्या खोलीत, मुख्याध्यापकांपुढे मोजमापाच्या बाई म्हणून असलेली तिची जागा. लोक हसतील. नाही, हसणार नाहीत, हसले असते तर बरं झालं असतं. लोक समजून घेतील. तिला समजून घेतलं जाणं सोसणार नव्हतं. तिने पुडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. पण चिठ्ठी दोन ओळींवर थांबत नाही, हे तिला या नोकरीत दिसलं होतं. चिठ्ठी फायलीत जाते. फाईल पुढच्या वर्गात जाते. पुढच्या वर्षीची बाई मारिसेलकडे बघण्याआधी फाईल बघेल: आई निष्काळजी. पुढच्या वेळी पोरीच्या गुडघ्याला खरचटलेलं दिसलं तर कुणीतरी प्रश्न विचारेल, आणि एर्लिंदा दोन्ही हातांनी कागद पुढे धरून उत्तरं देत राहील. तिने विचारलं होतं. एवढीच गोष्ट लोर्नाला काचेच्या खोक्यात पुन्हा पुन्हा दिसत होती. त्या बाईने विचारलं होतं, किलोत ना? तिला कळत होतं. त्या चौकटीपुढे योग्य प्रश्न पडलेली ती एकटीच होती.

तिसरी बस आली. ड्रायव्हरने दार उघडं ठेवून वाट पाहिली, मग खांदे उडवून दार लावलं.

दुकानात रांग वाढली होती. हिरव्या टोपीवाली अजून तिथेच होती, तिची कसलीतरी बरणी शोधली जात होती. "विसरलात काही?" ओरेस्ट म्हणाला. "फोन," लोर्ना म्हणाली. "परत? पोर बरी आहे ना?" "पोर बरी आहे." वर्गाच्या फोनयादीत एर्लिंदाच्या नावापुढे कारखान्याचा नंबर होता. आधी हिलाच सांगू, तिने ठरवलं होतं, तिचा तो हक्क आहे. आणि ठरवताना तिला हेही कळत होतं की ही बाई आपल्याला काही बोलणार नाही. मॅम म्हणेल. रडेल थोडी. आभारसुद्धा मानेल. पर्यवेक्षकाने दोनदा नाव विचारलं, मग बराच वेळ मशिनींची घरघर ऐकू येत राहिली. आणि मग धावत आलेला श्वास. "मॅम? मॅम, मारिसेल?" "ठीक आहे. खेळतेय. तिला काही झालेलं नाही, ऐका, काही झालेलं नाही." "मग मॅम… माझं काही चुकलं का? मी औषधाची बाटली पिशवीत वरच ठेवली होती. नाव पण लिहिलं होतं. मोजे जास्तीचे घातले होते, मॅम, मी—"

"तुमचं काही चुकलं नाही," लोर्ना म्हणाली. मागे रांगेत कुणीतरी पाय बदलला. "वजन मी चुकीचं लिहिलं. काट्यावर पौंड वाचले आणि किलोच्या चौकटीत टाकले. नर्सने दुपटीहून जास्त औषध भरून ठेवलं होतं. झटका आला असता तर… आता ते ओतून टाकलंय. पण तिला वाटतंय, तुम्ही लिहिलंत. मी तसं वाटू दिलं."

मशिनी चालू होत्या. लोर्नाने फोनची दोरी बोटाभोवती गुंडाळली, सोडली. ती एर्लिंदाच्या रडण्याची वाट बघत होती, किंवा आभारांची; दोन्हींसाठी तिच्याकडे उत्तरं तयार होती. "दुपटीहून जास्त," एर्लिंदा अखेर म्हणाली. आवाज सपाट होता, मोजून घेतल्यासारखा. "मी म्हणाले होते, दवाखान्यात जाते." "हो." "तुम्ही कागद माझ्या हातातून घेतलात." "हो." "आणि नर्सला अजून सांगितलं नाही." "नाही. म्हटलं, आधी तुम्हाला—"

"मला कशाला?" एर्लिंदा म्हणाली. यात मॅम नव्हतं. "मी काय करू ऐकून? मला ठाऊकच आहे मी लिहिलं नाही ते. आधी तिला सांगा. तिला सांगून झालं की मग मला फोन करा, तेव्हा मी काय बोलायचं ते बोलेन." आणि फोन ठेवला.

लोर्ना रिसीव्हर हातात धरून उभी राहिली. ओरेस्ट बरणीवरचं लेबल वाचत होता, बराच वेळ, तेच तेच. हिरवी टोपी, तिच्यामागचा माणूस, त्याच्यामागची मूल घेतलेली बाई, सगळी तिच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत ऐकत होती. "मी फोन आतल्या खोलीत नेऊन देऊ का, बाई?" ओरेस्टने कुजबुजत विचारलं. "दोरी पुरते."

"नको," ती म्हणाली, आणि नंबर फिरवला. पहिल्याच घंटीला म्हाताऱ्याने उचलला. "स्वयंपाकघर. आता कोण?"

"लोर्ना थीसन. पाचवीची वर्गशिक्षिका," लोर्ना म्हणाली. आवाज तिने खाली घेतला नाही. "सिग्नीला बोलवा. जेवत असली तरी उठवा. ते वजन कुणी लिहिलं ते तिला सांगायचंय."